काचेच्या खोलीतल्या आवाजाची वाटणी

मी, डोलोरेस मरिंकोविच प्रुएट, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा पूर्वी रेडिओवर बोलणे व हल्ली घरात बोलणे, राहणार हेंडरसन, राज्य नेवाडा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे तेवढे नाहीत. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही, आणि सकाळपासून कॉफीखेरीज काही पाजलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मिळकतीवरून कोणी भांडू नये, आणि भांडायचेच असेल तर निदान खरी हकीगत माहीत असावी, म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने करत आहे.

कलम १. यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते. विशेषतः नवरा वारल्यानंतर रागाच्या भरात केलेले, ज्यात मी राहते घर भटक्या मांजरांच्या संस्थेला दिले होते. मांजरांनी वाईट वाटून घेऊ नये. राग त्यांच्यावर नव्हता.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी शेजारीण इनेझ ओचोआ हिने करावी. तिची सारी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात गेली. हा मजकूरही तीच टाइप करत आहे आणि दर दोन ओळींनी मान हलवत आहे.

"डोलोरेस, हे कायद्यात बसत नाही गं."

"बसत नसेल तर उभं राहू दे. तू टाइप कर."

तिच्या श्रमांबद्दल माझे कोळंबी खायचे काचेचे प्याले तिला द्यावेत. ते 'कॉपर मेसा' कॅसिनोच्या काउंटरवरून एकेक करून माझ्या घरी कसे आले, हे तिने विचारू नये. कॅसिनोच आता उरलेला नाही, तेव्हा फिर्याद तरी कोण करणार?

कलम ३. माझा मायक्रोफोन, त्याला चढवलेल्या लोकरी मोज्यासकट, श्री. आर्टी बेलकास्त्रो, मुक्काम वृद्धनिवास, बोल्डर सिटी, यांना द्यावा. मोजा त्यांचाच आहे.

आर्टी कोण, ते सांगणे भाग आहे. सन एक्याऐंशीत मी 'कॉपर मेसा'त पैजेच्या खिडकीत बसून चिठ्ठ्या फाडत असे. बाहेरच्या दिवाणखान्यात, नाण्यांच्या यंत्रांना खेटून, एक काचेची खोली होती. कपडे बदलायच्या खोलीएवढी. तिथे बसून आर्टी रोज संध्याकाळी रेडिओवर सामन्यांचे भाव सांगे. कुठला संघ चढा, कुठला पडेल, कोणाचा गुडघा दुखावला, कुठे बर्फ पडला. त्याचा आवाज असा, की त्याने किराण्याची यादी वाचली तरी लोकांनी तिच्यावर पैसे लावले असते. एकदा त्याचा तज्ज्ञ पाहुणा बारमध्येच आडवा झाला, तेव्हा त्याने काचेवर टकटक करून मला आत बोलावले.

"ए, स्टूबेनव्हिल! तुझ्या ओहायोत पाळण्यातल्या पोरालाही भाव कळतो म्हणतात. चल, बोल."

"काय बोलू?"

"बाईमाणसाला भाव कळतो तो भाजीचा. तोच बोल, वेळ भरून निघेल."

हे शेवटचे वाक्य हवेवर, म्हणजे थेट रेडिओवर, गेले. माइक चालू होता. मी म्हटले, "भाजीवाला निदान सडका माल वरून लपवतो तरी. या महाशयांनी काल रात्री सगळ्यांदेखत सडका संघ विकला." फोनचे सगळे दिवे एकदम पेटले. त्या दिवसापासून आमची जोडी जमली ती कॅसिनो पाडेपर्यंत. भाजीच्या वाक्याबद्दल आर्टीने अजून माफी मागितलेली नाही. मायक्रोफोन हाती पडण्यापूर्वी ती मागावी, अशी अट मी घालते. इनेझ म्हणते अशी अट टिकणार नाही. टिकेल, आर्टीला तो मायक्रोफोन फार हवा आहे.

कलम ४. माझी भाची मिलेना, मुक्काम स्टूबेनव्हिल, हिला माझ्या आईचे अक्रोडाची पोळी लाटायचे लांब लाटणे व बँकेतील शिल्लक द्यावी. शिल्लक पाहून तिने हसू नये.

याच कलमात थोडे त्या दिवसांबद्दल लिहिते, कारण हल्लीच्या लोकांना ते ठाऊक नाही आणि इनेझने नवा कागद लावला आहे.

हल्ली टीव्हीवर सामना लावला की दोन झकपक पोरे आणि एक नटी ओरडून सांगतात, लावा, आत्ता लावा, फोन काढा. खेळाडू घाम पुसायला थांबला तरी त्याच्यावर भाव फुटतो. आमच्या वेळी तसे नव्हते. रेडिओ आमचा वाळवंट ओलांडून कॅलिफोर्निया-युटापर्यंत ऐकू जाई, पण पैज लावायची तर नेवाडात यावे लागे. गाडी काढा, पेट्रोल भरा, बायकोला काहीतरी थाप मारा, मग मैलोन्‌मैल उन्हात चला. त्या रस्त्यावर बऱ्याच जणांना शहाणपण सुचे. अर्ध्या वाटेवरून परतलेली किती माणसे मी ओळखत होते! म्हणून आमचे बहुतेक श्रोते पैज लावतच नसत. ते नुसते फोन करत. कॅनॅब गावची एक विधवा चर्चवाल्यांना कळू नये म्हणून दर वेळी नवे नाव सांगे. पण मागे तिचा कोंबडा तोच आरवे. आणि फ्रेस्नोचे दातांचे डॉक्टर लोव्हेल! ते ज्या संघाचे नाव घेत तो हमखास हरे. लोक वह्या-पेन्सिली घेऊन त्यांच्या फोनची वाट पाहत आणि नेमके उलटे लावत. डॉक्टरांना हे ठाऊक होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"आर्टी, आज मी डेन्व्हरच्या बाजूने," असे ते म्हणाले की बाहेर खिडकीपाशी डेन्व्हरविरुद्ध रांग लागे.

पलीकडे यंत्रांतून नाणी खणखणत, कोणीतरी जिंकून किंचाळे, तारयंत्र गुणांची पट्टी ओकत राही, आणि आम्ही दोघे एका राखदाणीत सिगारेटी विझवत बोलत असू. त्यात भारी काही नव्हते. पण माणसाला माणसाचा आवाज ऐकू येत होता.

कलम ५. 'कॉपर मेसा'चे व्यवस्थापक कै. लाइल हेंडरशॉट यांना मी माफ करते. पूर्ण नाही, साधारण बारा आणे. कारण खालीलप्रमाणे.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी फोन आला. आवाज ओळखीचा. बार्स्टोचा ऑर्विल प्रुएट, मालमोटारी दुरुस्त करणारा, दर आठवड्याला फोन करणारा, विधुर, विनोदी. त्या दिवशी मात्र तो हसत नव्हता.

"बाई, आयडाहोच्या कॉलेजच्या पोरांचा भाव तोच आहे ना? काल सांगितलात तो?"

"तोच आहे. बास्केटबॉलमध्ये आयडाहोला कोण विचारतंय? का हो?"

"मी बेकरला आहे. रस्त्यावरच्या फोनवर. येतोय तिकडे."

"किती लावणार?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"गॅरेजातला माझा हिस्सा विकला सकाळी. घरी सांगितलं नाही."

आर्टीची सिगारेट ओठावरच राहिली. बेकर म्हणजे अर्धी वाट. तिथून निघाला असता तर सामना सुरू व्हायच्या जेमतेम आधी खिडकीशी पोचला असता. मी घड्याळाकडे पाहिले आणि एवढेच ठरवले, की या माणसाला फोन खाली ठेवू द्यायचा नाही.

"ऑर्विल, नाणी घालू नका. फोनचं बिल आमच्यावर टाका. मला सांगा, आयडाहोच का?"

त्याने कारणे दिली. मी एकेक खोडत बसले. मग मी त्याच्या बायकोबद्दल विचारले. तेव्हा तो मोकळा बोलू लागला. ती त्याच्या शेजारी बसून आमचा कार्यक्रम ऐकायची, आणि आर्टीच्या भाजीच्या वाक्यावर हसून हसून तिला ठसका लागला होता, हे त्याने सांगितले. आर्टीने जाहिराती टाळल्या. टायरवाल्याची टाळली, मांसाच्या ताटाची टाळली, खुद्द कॅसिनोची टाळली.

मग काचेपलीकडे हेंडरशॉटसाहेब उगवले. तोंड टोमॅटोसारखे. दार उघडून ते आत आले आणि हवेवरच म्हणाले, "पगार देतो मी तुला, तो गिऱ्हाईक परत धाडायला काय?"

"साहेब, हळू बोला. तो ऐकतोय."

"ऐकू दे! ऑर्विल, तू ये रे बाबा! खोली फुकट देतो, जेवण फुकट!"

पलीकडून आवाज आला, "बरं साहेब. निघतो मग."

तेवढ्यात दुसऱ्या लाइनीचा दिवा लागला. आर्टीने दोन्ही लाइनी जोडल्या.

"नमस्कार, मी फ्रेस्नोहून डॉक्टर लोव्हेल. ऐकतोय मघापासून. ऑर्विलराव, अगदी खरं सांगतो, मलाही आज आयडाहोच वाटतंय. नक्की जिंकणार!"

बेकरच्या फोनमध्ये वारा घोंगावत होता.

"डॉक्टर," ऑर्विल म्हणाला, "तुम्हाला सुद्धा?"

"शंभर टक्के!"

"झालं मग," ऑर्विल म्हणाला. "आयडाहो मेलं."

आणि तो हसू लागला. आम्ही तिघे चौघे सगळेच हसत सुटलो, हेंडरशॉटसाहेब सोडून. हसता हसता वेळ निघून गेली, खिडकी बंद झाली, आणि ऑर्विल गाडी वळवून बार्स्टोला परत गेला.

त्या संध्याकाळी आयडाहो जिंकले. डॉक्टर लोव्हेल यांचे आयुष्यातले एकमेव बरोबर भाकीत.

मला दुसऱ्या दिवशी कामावरून काढले. साहेबांचे चुकले ते एवढेच, की त्यांना वाटले लोक विसरतील. लोक गाड्या काढून आले. पैज लावायला नाही. रिकाम्या काचखोलीसमोर उभे राहून कोळंबी खायला आणि 'बाई कुठेय?' म्हणून विचारायला. कॅनॅबची विधवासुद्धा आली, कोंबड्याशिवाय. आर्टीने "घसा बसलाय" असे कुजबुजून सांगितले आणि बोलायला नकार दिला. महिना संपायच्या आत साहेबांनी मला परत बोलावले. पण पगार वाढवला नाही. राहिलेले चार आणे त्याबद्दलचे.

कलम ६. माझी रक्षा माझे पती ऑर्विल यांच्या रक्षेशेजारी ठेवावी. त्यांच्या उजव्या बाजूस. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे.

ते माझे पती कसे झाले, तेही एकदा कागदावर येऊ दे. मी कामावर परत आल्याच्या आठवड्यात एक उंच माणूस टोपी हातात चुरगाळत काचखोलीच्या दाराशी आला.

"ती बाई तुम्हीच का?"

"कोणती बाई?"

"जिने मला श्रीमंत होऊ दिलं नाही ती."

मी उठून उभी राहिले. वाटले, हा आता ओरडणार. ओरडलाही थोडा. गॅरेजचा हिस्सा त्याने परत विकत घेतला होता, पण आयडाहोचा भाव त्याला पाठ होता आणि आपण किती जिंकलो असतो हे तो मला समजावू लागला.

"आणि हरला असता तर?" मी म्हटले.

"हरलो असतो तर आज इथे टोपी हातात घेऊन आलो नसतो. पण हरलो नसतो ना! तेच तर म्हणतोय!"

"मग आता काय करायचं म्हणता?"

"तुम्ही माझं एवढं नुकसान केलंत, एक कॉफी तरी पाजा."

मी पाजली. पुढे सव्वीस वर्षे पाजली. वादात हरायला आले की ते नुसते "आयडाहो" म्हणत. आमच्या लग्नात डॉक्टर लोव्हेल यांनी हात उंचावून जाहीर केले, "हे लग्न टिकणार!" आणि सगळा मांडव घाबरला.

कलम ७. माझा आवाज. हे कलम इनेझने ठळक टाइप करावे.

गेल्या शरद ऋतूत फोनवरच्या सट्ट्याच्या एका कंपनीचा ब्राइस नावाचा तरुण माझ्याकडे आला. मुलगा गोड होता, माझी अक्रोडाची पोळी दोनदा मागून खाल्ली. म्हणाला, तुमच्या कार्यक्रमाच्या जुन्या टेपा द्या. त्यांवरून आम्ही यंत्राला तुमच्यासारखं बोलायला शिकवू.

"लोकांना ते जुने दिवस फार आवडतात हो. तुमचा आवाज अमर होईल."

"आणि तो अमर होऊन काय बोलेल?"

"तेच. भाव सांगेल. 'या, लावा' म्हणेल."

"आणि कोणी बेकरहून बोलला तर?"

"बेकर?" तो म्हणाला. "नाही, फोन उचलायची सोय नाही त्यात. तो फक्त बोलणार."

मी त्याला उरलेली पोळी बांधून दिली आणि दारापर्यंत सोडले. सबब असे ठरवते की माझा आवाज, खरा किंवा नकली, पैजेच्या जाहिरातीसाठी कोणीही, कधीही, कितीही देऊ केले तरी वापरू नये. मेलेल्या बाईच्या तोंडून 'लावा' वदवून घेणाऱ्यावर इनेझने खटला भरावा. ती वाटच पाहत आहे.

कलम ८. टेपा व घर.

टेपा जाळायच्या असेच मी ठरवले होते. तसे कळवायला मी ग्लेंडा प्रुएट, ऑर्विल यांची मुलगी, मुक्काम बार्स्टो, हिला फोन केला, कारण त्यांत तिच्या वडिलांचा आवाज आहे. ग्लेंडा लग्नाला आली नव्हती. नंतर नाताळला येई, कोट न काढता बसे, आणि वडील गेल्यावर तेही थांबले. रेडिओने बाप बिघडवला आणि तीच रेडिओवाली घरात आली, असे तिचे मत आहे, हे मला ऑर्विल यांनीच सांगितले होते. कलम एकमधला माझा राग तो तिच्या या न येण्यावरचा.

ती म्हणाली, "जाळायच्या आधी एकदा ऐकवाल का मला?"

मागच्या रविवारी ती आली. चौसष्ट वर्षांची झाली आहे, चालते अगदी बापासारखी. बेकरची टेप लावली. ती कोट घालूनच बसली होती. बापाचे "सगळे" ऐकले तेव्हा तिने डोळे मिटले. "घरी सांगितलं नाही" ऐकले तेव्हा ती म्हणाली, "सांगायची गरजच नव्हती. मी ऐकत होते."

"कुठे?"

"ट्रकच्या डेपोत, कामावर. तिथे तुमचाच रेडिओ लागायचा. मी सारखी तुमचा नंबर फिरवत होते. लागेना. लागणार कसा? एका लाइनीवर बाबाच होते, दुसरी त्या डॉक्टरांनी पटकावली."

मी टेप थांबवली. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. मी त्यांना परत पाठवलं हे ऐकलंस तू. मग गं बाई, इतकी वर्षं माझ्यावर राग कसला?"

ती एकदम तडकली. "कसला म्हणून काय विचारतेस? आई गेल्यापासून मी रोज सांगत होते त्यांना, बाबा, पैजा नका लावू. रोज! हाता-पाया पडले. एकदा ऐकलं नाही माझं. आणि तू कोण कुठली काचेतली बाई, एका फोनमध्ये तुझं ऐकलं!"

मी म्हटले, "माझं कुठे ऐकलं? मी बोलून बोलून दमले, आणि ते निघालेच होते. ऐकलं ते दाताच्या डॉक्टरचं."

ग्लेंडाच्या नाकातून एक आवाज निघाला, आणि ती जी हसू लागली ती रडू येईपर्यंत. मीही. कोट तिने त्यानंतर काढला. टेप आम्ही शेवटपर्यंत ऐकली, मग उलटी करून तिची दुसरी बाजूही. रात्रीचे जेवण तिनेच केले. माझ्या स्वयंपाकघरात काहीही जागच्या जागी नाही, असे तिचे मत पडले.

सबब, सर्व टेपा ग्लेंडा प्रुएट हिला द्याव्यात. त्या जाळू नयेत. हेंडरसन येथील राहते घर, त्यातील सर्व सामान व त्यावरील माझे सर्व हक्क माझ्या पश्चात तिला द्यावेत, असेही मी लिहून ठेवते. हे मी तिला फोनवर वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "पश्चात कशाला? बार्स्टोचं भाड्याचं घर मला या महिन्यात सोडायचंच आहे. मागची खोली तू नुसती खोक्यांनी भरून ठेवलीस. शनिवारी येते मी."

तेव्हा या कलमाची अंमलबजावणी शनिवारपासून, मी जिवंत असतानाच, सुरू होत आहे. इनेझ म्हणते, हे कायद्यात अजिबातच बसत नाही. आम्हाला दोघींना खोकी उचलायची आहेत. कायद्याने तोवर बाहेर थांबावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, टाइप झाल्यावर चष्मा लावून वाचला, दोन ठिकाणी वाढवला, कुठेही कमी केला नाही, आणि खालील साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

(सही) डोलोरेस मरिंकोविच प्रुएट

आम्ही साक्षीदार लिहून देतो की सदर बाईंनी आमच्यासमोर सही केली, त्या शुद्धीत होत्या, आणि सही करताना शिटी वाजवत होत्या. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही मिळत नाही, याची आम्हाला कल्पना देण्यात आली आहे.

साक्षीदार १: मिल्टन ताकेदा (सही)
साक्षीदार २: ओफेलिया बारिएन्तोस (सही)

ठिकाण: हेंडरसन, नेवाडा
तारीख: १४ मार्च २०२४